सी++ लायब्ररीतील एक्सेप्शन-सुरक्षेची युनिट टेस्ट

एखादी क्रिया एक्सेप्शन (चूक झाल्याचा, नेहमीचा प्रवाह तोडणारा संकेत) फेकून अर्ध्यावर थांबली, तर मागे उरलेले ऑब्जेक्ट वापरण्याजोगे आहे का, मेमरी गळली का, उघडलेले फाइल हँडल बंद झाले का, हे तपासणाऱ्या टेस्टचा हा प्रकार. कंटेनर (घटक साठवणारे क्लास), अ‍ॅलोकेटर (मेमरी पुरवणारे क्लास), सॉकेटभोवतीचे क्लास, थ्रेड-पूल अशा पायाभूत लायब्रऱ्यांना तो लागतो. चुकीचा इनपुट दिल्यावर ठरलेले एक्सेप्शन येते का, एवढेच पाहणारी टेस्ट ही यातली सर्वांत सोपी आणि सर्वांत कमी कामाची. बग बहुतेक वेळा एक्सेप्शन निघाल्यानंतरच्या आवराआवरीत असतात.

हा प्रश्न सी++ समाजात गाजला तो १९९४ मध्ये. टॉम कारगिल यांनी स्टॅकच्या (शेवटी ठेवलेले आधी काढणाऱ्या साठ्याच्या) एका साध्या टेम्प्लेटमधले दोष दाखवले. त्यांतला सर्वांत चिवट ‘पॉप’मधला: वरचे मूल्य काढून परत देताना त्याची कॉपी फसली, तर ते स्टॅकमध्येही उरत नाही आणि मागणाऱ्यालाही मिळत नाही. सी++ च्या प्रमाण लायब्ररीतल्या एसटीडी::स्टॅकमध्ये वरचे मूल्य दाखवणारे ‘टॉप’ वेगळे आणि ‘पॉप’ काहीच परत न देणारे आहे, त्यामुळे हा पेच तिथे उद्भवतच नाही. पुढे डेव्हिड अब्राहम्स यांनी आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या तीन हमी मांडल्या. मूलभूत हमीत काही गळत नाही आणि ऑब्जेक्ट वैध राहते, पण त्याचे मूल्य बदललेले असू शकते. भक्कम हमीत क्रिया पूर्ण होते, नाहीतर सगळे आधीसारखे राहते. तिसरी, एक्सेप्शन न फेकण्याची. टेस्ट लिहिण्याआधी कोणत्या फंक्शनने यांतली कोणती हमी दिली आहे हे कागदावर असावे लागते. व्हेक्टरच्या (लागेल तसा वाढणाऱ्या अ‍ॅरेच्या) शेवटी एक घटक घालताना भक्कम हमी मिळते. मध्ये घालताना घटकाच्या कॉपीने किंवा मूव्हने (कॉपी न करता आतला ऐवज हलवण्याने) एक्सेप्शन फेकले तर मिळत नाही. तिथे ‘जुने मूल्य तसेच आहे’ असे तपासणारी टेस्ट लायब्ररी बरोबर असूनही नापास होते.

खऱ्या मेमरी-टंचाईची वाट पाहण्यात अर्थ नाही. लिनक्स ओव्हरकमिट करत (प्रत्यक्षात असलेल्यापेक्षा जास्त मेमरी कबूल करत) असल्यामुळे छोटी मागणी सहसा नाकारली जातच नाही. नाकारली गेली तरी नेमकी कुठे, हे आपल्या हातात नसते. म्हणून बिघाड मुद्दाम पेरतात. ग्लोबल ऑपरेटर न्यू (मेमरी मागणारे फंक्शन) बदलून त्यात एक काउंटर ठेवायचा, टेस्टसाठीच्या घटक-क्लासच्या कॉपी कन्स्ट्रक्टरमध्येही (कॉपी बनवणाऱ्या फंक्शनमध्येही) तोच काउंटर वाढवायचा आणि तो एन ला पोचला की एक्सेप्शन फेकायचे. मग एन = १ पासून लूप. प्रत्येक फेरीत ऑब्जेक्ट नव्याने बनवायचे, काउंटर चालू करायचा, क्रिया चालवायची, काउंटर बंद करायचा आणि मगच तपासणी करायची. बिघाड न लागता क्रिया पार पडली की लूप संपला. सी मध्ये लिहिलेल्या एसक्यूलाइट या डेटाबेसची मेमरी-टंचाईची टेस्ट याच तत्त्वावर चालते, आणि ती दोनदा चालते: एकदा फक्त एनवी मागणी नाकारून, एकदा तिथून पुढच्या सगळ्या मागण्या नाकारून. दुसऱ्या प्रकारात एरर हाताळणाऱ्या कोडलाच मेमरी मिळत नाही, आणि तिथे वेगळेच बग सापडतात.

उदाहरण घेऊ. चार घटकांनी भरलेला, क्षमताही चारच असलेला व्हेक्टर. घटक-क्लासला फक्त कॉपी कन्स्ट्रक्टर आहे, मूव्ह नाही, आणि तो स्वतः मेमरी मागत नाही. पाचवा घटक घालताना बिघाडाच्या सहा जागा निघतात: नव्या बफरची एक मागणी, नव्या घटकाची एक कॉपी, जुन्या घटकांच्या चार. एन = ४ असताना बफर मिळालेला असतो, दोन कॉपी झालेल्या असतात आणि तिसरी फसते. त्या दोन कॉपी नष्ट व्हायला हव्यात, नवा बफर परत जायला हवा, आकार चारच हवा आणि पहिल्या घटकाचा पत्ताही जुनाच हवा. जिवंत ऑब्जेक्टची संख्या पाच: चार आतले, एक टेस्टने घालायला घेतलेला. सातव्या फेरीत क्रिया यशस्वी होते. हाच क्लास मूव्ह होणारा पण नोएक्सेप्ट (‘एक्सेप्शन फेकणार नाही’ ही खूण) न लावलेला असेल, तर व्हेक्टर जुने घटक हलवताना मूव्ह सोडून कॉपीच निवडतो. कोणीतरी नोएक्सेप्ट चुकून काढले तर टेस्ट हिरवीच राहते, कोड मात्र मंदावतो. म्हणून मूव्ह नोएक्सेप्ट असल्याची खात्री स्टॅटिक असर्टने कंपाइलच्या वेळीच करून घ्यावी.

लूप केव्हा थांबवायचा यात पुष्कळ जण फसतात. ‘एक्सेप्शन बाहेर आले नाही’ ही खूण पुरत नाही. ‘पेरलेला बिघाड लागलाच नाही’ ही खूण हवी. आत कुठे सगळे पकडणारा कॅच असेल तर एक्सेप्शन तिथेच गडप होते, लूप पहिल्याच फेरीत यश समजून थांबतो आणि पुढच्या जागा तपासल्याच जात नाहीत. काही वेळा असे गिळणे रास्तही असते. एसटीडी::स्टेबल सॉर्टला जादा मेमरी मिळाली नाही तर तो तक्रार न करता मंद पद्धतीने सॉर्ट करतो. पुन्हा पुन्हा प्रयत्न करणाऱ्या कोडमुळे लूप अडकू नये म्हणून फेऱ्यांना कमाल मर्यादा घालावी. काउंटर फक्त तपासायच्या क्रियेपुरता चालू ठेवावा. नाहीतर टेस्ट चालवणाऱ्या फ्रेमवर्कने संदेश जुळवताना मागितलेली मेमरीही मोजली जाते आणि टेस्ट भलत्याच ठिकाणी कोसळते. बदललेले न्यू आणि डिलीट आतून सी मधले मॅलॉक व फ्रीच वापरू द्यावेत, म्हणजे अ‍ॅड्रेस सॅनिटायझर या मेमरीचे दोष पकडणाऱ्या साधनाला गळती दिसत राहते.

गूगलटेस्ट या टेस्ट-फ्रेमवर्कचा एक्स्पेक्ट थ्रो हा मॅक्रो दिलेल्या प्रकाराच्या उपप्रकाराचे एक्सेप्शनही मान्य करतो. तिथे एसटीडी::एक्सेप्शन (सर्वांचा मूळ प्रकार) लिहिले की फाइल न सापडणे आणि मेमरी संपणे दोन्ही पास. नेमका प्रकार द्यावा, आणि सिस्टिम एररच्या बाबतीत पकडलेल्या ऑब्जेक्टचा एरर कोडही तपासावा.

सी++११ पासून डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणारी फंक्शन) आपोआप नोएक्सेप्ट असतात. त्यातून एक्सेप्शन निसटले तर एसटीडी::टर्मिनेट चालते आणि टेस्टचा सगळा प्रोग्रॅमच पडतो. अशी वागणूक डेथ टेस्टने तपासतात. ही टेस्ट ती क्रिया वेगळ्या चाइल्ड प्रोसेसमध्ये चालवते. लिनक्सवर त्यासाठी फोर्क (चालू प्रोसेसची नक्कल) होतो, म्हणून आधीच थ्रेड सुरू असतील तर ‘थ्रेडसेफ’ शैली निवडावी. एक्सेप्शन बंद करून केलेल्या बिल्डसाठीही हाच मार्ग, कारण तिथे फेकण्याऐवजी प्रोग्रॅम थांबवला जातो. गूगलच्या कोडिंग नियमांत सी++ एक्सेप्शनला मनाई आहे, तरी गूगलच्याच अ‍ॅब्सिल या सी++ लायब्ररीमध्ये बिघाड पेरून हमी तपासणारी साधने आहेत. ती लायब्ररी वापरणारे बाकीचे लोक एक्सेप्शन वापरतात.

शेअर्ड (प्रोग्रॅम चालताना जोडल्या जाणाऱ्या) लायब्ररीची टेस्ट स्टॅटिक जोडून चालवू नये. एक्सेप्शन क्लासची व्हिजिबिलिटी हिडन (लायब्ररीबाहेर न दिसणारी) राहिली असेल, तर सीमेपलीकडचा कॅच काही प्लॅटफॉर्मवर ते ओळखत नाही. स्टॅटिक बिल्डमध्ये हा दोष दिसतच नाही. कव्हरेजचे (टेस्टमध्ये किती कोड चालला याचे) आकडेही जपून वाचावेत. जीसीसी हा कंपाइलर एक्सेप्शन फेकू शकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कॉलला एक छुपी शाखा मोजतो आणि शाखांची टक्केवारी विनाकारण खाली येते. जीसीओव्हीआर या साधनात अशा शाखा वगळण्याचा पर्याय आहे.