मोठ्या जातीच्या पिल्लाचं खाणं निवडताना

हे माहितीपत्रक आम्ही पिल्लाच्या पहिल्या पिशवीबरोबर देतो. पिशवी फोडण्याआधी वाचलंत तर जास्त उपयोगी पडेल.

नवं पिल्लू घेऊन येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: "अंगानं चांगलं भरायला काय देऊ?" आम्ही खाणंच विकतो, त्यामुळे आमचं उत्तर जरा विचित्र वाटेल. भरवू नका. लॅब्रॅडॉर असो की ग्रेट डेन, त्याचा शेवटचा आकार मुख्यतः आई-बापाकडून आलेला असतो. जास्त खाऊ घालून तो आकार वाढत नाही, फक्त तिथवर पोचायची घाई होते. त्या घाईची किंमत हाडं आणि सांधे मोजतात.

मोठी जात म्हणजे कोणती?

ढोबळमानानं, पूर्ण वाढ झाल्यावर २५ किलोंच्या पुढे जाणारी. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, डोबरमन. ४५ किलोंच्या पुढे गेलं की महाकाय जाती: ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, मॅस्टिफ. मिश्र जातीच्या पिल्लाचे आई-बाप पाहिलेले नसतील आणि अंदाज येत नसेल, तर मोठ्या जातीसाठीचं खाणं घ्या. पिल्लू पुढे लहानखुरं निघालं तरी त्या खाण्यानं त्याचं काही बिघडत नाही; उलट चूक झाली तर मात्र बिघडतं.

या जातींचा वेग एकदा डोळ्यांसमोर आणा. ग्रेट डेनचं पिल्लू जन्मतः साधारण अर्ध्या किलोचं असतं आणि दीडेक वर्षात पन्नास किलोंच्या पुढे जातं. म्हणजे शंभरपट. माणसाच्या मुलाला साधारण वीसपट व्हायला अठरा वर्षं लागतात. इतक्या वेगात हाडांच्या टोकांची मऊ कूर्चा पक्कं हाड होत असते, आणि वरचं वजन रोज वाढत असतं. खाण्यातली छोटी चूक इथे मोठी होऊन दिसते.

कॅल्शियम: सगळ्यात जास्त गैरसमज इथेच

मोठी हाडं, म्हणून जास्त कॅल्शियम. हिशेब सरळ वाटतो, पण चुकीचा आहे.

पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याच्या पोटात कॅल्शियम जास्त गेलं, तर आतडी ते कमी शोषून घेतात आणि उरलेलं बाहेर टाकतात. साधारण सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला हा लगाम नीट वापरता येत नाही. जितकं पोटात जाईल त्यातला मोठा वाटा अंगात शिरतो. मग शरीर ते हाडांत साठवायला लागतं, जुनं हाड झिजवून नवं घडवण्याचं काम मंदावतं आणि कूर्चेचं हाड होण्यात अडथळा येतो. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठात १९८० च्या दशकात ग्रेट डेनच्या पिल्लांवर हे तपासलं गेलं. खाण्यात ३.३ टक्के कॅल्शियम दिलेल्या पिल्लांच्या हाडांच्या वाढीत दोष दिसले. कॅल्शियम कमी पडून नव्हे, जास्त होऊन.

म्हणून आमची विनंती: पिशवीवर 'वाढीसाठी संपूर्ण आणि संतुलित' असं लिहिलेलं खाणं देत असाल, तर वरून कॅल्शियमचं सिरप, गोळ्या, हाडांची भुकटी, अंड्याच्या टरफलांची पूड यातलं काहीही घालू नका. ड जीवनसत्त्वाचे थेंबही नकोत, कारण ते शोषण आणखी वाढवतं. पशुवैद्यांनी तपासून लिहून दिलं असेल तर गोष्ट वेगळी.

जर्मन शेफर्डवाल्यांसाठी एक ओळ खास. "कान उभे राहत नाहीत, कॅल्शियम कमी पडतंय" हे आम्ही इतक्यांदा ऐकतो की आता मोजणं सोडलंय. कानात हाड नसतं, कूर्चा असते. दात बदलण्याच्या दिवसांत, चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या आसपास, उभे राहिलेले कानही पुन्हा पडतात आणि बहुधा आपले आपण उठतात. थोडा धीर धरा.

कमी पडणंही तितकंच वाईट, तेही सांगतो. "खरा कुत्रा मांसच खातो" म्हणून पिल्लाला नुसतं बिनहाडाचं मांस घातलं, तर त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही, पंधरा-वीसास एक अशा प्रमाणात. शरीर मग रक्तातली पातळी राखण्यासाठी हाडांतून कॅल्शियम काढतं आणि हाडं इतकी ठिसूळ होतात की उडी मारताना मोडतात. चांगल्या पिशवीतल्या खाण्यावर रोज वाटीभर मांस घातलं तरी हे गणित बिघडायला सुरुवात होते.

पिशवी मागून वाचा

पुढच्या बाजूला धष्टपुष्ट कुत्र्याचं चित्र असतं. ते सोडा, पिशवी उलटी करा.

आधी एक वाक्य शोधा. अमेरिकी मानकांप्रमाणे बनलेल्या खाण्यावर लिहिलेलं असतं की हे खाणं वाढीच्या अवस्थेसाठी आहे, आणि त्यात मोठ्या आकाराच्या कुत्र्यांची वाढही धरलेली आहे, म्हणजे पूर्ण वाढ झाल्यावर ७० पौंड किंवा जास्त. ७० पौंड म्हणजे साधारण ३२ किलो. ही मानकं ठरवणाऱ्या 'आफको' या संस्थेनं मोठ्या पिल्लांसाठी कॅल्शियमची कमाल मर्यादा शुष्क भागाच्या १.८ टक्के ठेवली आहे. बाकीच्यांना ती २.५ टक्के आहे. किमान दोघांनाही १.२ टक्के. वाक्यात "मोठ्या आकाराचे कुत्रे वगळून" असं असेल, तर ती पिशवी तुमच्या पिल्लाची नाही, चित्र कितीही मोठ्या कुत्र्याचं असो. 'सर्व वयांसाठी' एवढंच लिहिलं असेल तेव्हाही हे वाक्य तपासा. कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण एकास एक ते दोनास एक या दरम्यान हवं; आम्ही सव्वास एकच्या आसपासच्या खाण्याला पसंती देतो.

आता 'शुष्क भाग' म्हणजे काय, कारण फसगत इथेच होते. पिशवीवरचा आकडा पाण्यासकट असतो. कोरड्या खाण्यात पाणी १० टक्के आणि कॅल्शियम १.४ टक्के असेल, तर १.४ ला ९० नं भागून १०० नं गुणा: १.५६ टक्के. चालेल. डब्यातल्या ओल्या खाण्यात पाणी ७८ टक्के आणि कॅल्शियम ०.४ टक्के. ०.४ दिसायला किती कमी! पण २२ नं भागा: १.८२ टक्के. मर्यादेबाहेर.

आणखी एक खोच. पुष्कळ पिशव्यांवर कॅल्शियमचा फक्त 'किमान' आकडा छापतात. 'किमान १ टक्का' म्हणजे आत २ टक्केही असू शकतं. तुम्हाला हवा असतो तो प्रत्यक्षातला किंवा कमाल आकडा. तो छापलेला नसेल तर कंपनीला विचारा, किंवा आम्हाला सांगा, आम्ही विचारतो. जी कंपनी हा आकडा आणि किलोमागे किती किलोकॅलरी हे सांगत नाही, तिचं पिल्लांचं खाणं आम्ही ठेवत नाही.

किती घालायचं?

पिशवीवरचा तक्ता सुरुवातीसाठी ठीक. पण तो सरासरी पिल्लाचा असतो, तुमच्या पिल्लाचा नाही.

वजनानुसार लागणारी ऊर्जा सरळ वाढत नाही. १० किलोच्या कुत्र्याला नुसतं स्वस्थ पडून राहायला दिवसाला सुमारे ३९५ किलोकॅलरी लागतात, २० किलोच्याला ६६०. वजन दुप्पट, गरज पावणेदोनपटीहूनही थोडी कमी. वाढत्या पिल्लाला चार महिन्यांपर्यंत याच्या साधारण तिप्पट आणि पुढे दुप्पट धरतात. म्हणजे चार महिन्यांच्या पुढचं २० किलोचं पिल्लू दिवसाला साधारण १,३२० किलोकॅलरींचं गिऱ्हाईक. किलोमागे ३,८०० किलोकॅलरी असलेल्या खाण्याचे ते ३५० ग्रॅमच्या आसपास होतात. तेच खाणं ४,२०० चं असेल, तर ३१५ ग्रॅम पुरतं. म्हणून पिशवी बदलली की मापही बदलायचं. आणि कपानं मोजू नका, काट्यावर तोला. एकाच घरात दोघं जण तोच कप भरतात आणि रोज मूठभर फरक पडतो.

हे आकडे झाले. खरा तक्ता पिल्लाच्या अंगावर असतो. दर आठवड्याला दोन्ही हात बरगड्यांवरून फिरवा. फार न दाबता बरगड्या मोजता आल्या पाहिजेत. वरून पाहिलं तर कंबर दिसावी, बाजूनं पाहिलं तर पोट वर चढलेलं. बरगड्या शोधायला बोटं रुतवावी लागत असतील, तर खाणं दहा टक्क्यांनी कमी करा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा हात फिरवा. पशुवैद्य अंगकाठीला ९ पैकी गुण देतात: १ म्हणजे फार हडकुळं, ९ म्हणजे फार लठ्ठ. मोठ्या जातीच्या पिल्लाचे ४ किंवा ५ असावेत. शेजारी "किती वाळलंय बिचारं" म्हणाले तर बहुधा तुमचं बरोबर चाललं आहे.

हे आमचं नुसतं मत नाही. लॅब्रॅडॉरच्या ४८ पिल्लांचा आयुष्यभर पाठपुरावा केलेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या लावून आठव्या आठवड्यापासून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं. कमी खाणाऱ्यांच्या आयुष्याचा मध्यक १३ वर्षं आला, दुसऱ्यांचा ११.२. कमी खाणाऱ्यांच्या खुब्याची झीजही उशिरा आणि कमी झाली. खाणं दोघांचं एकच होतं, फरक फक्त मापाचा.

दिवसातून किती वेळा? चार महिन्यांपर्यंत तीन ते चार, सहा महिन्यांपर्यंत तीन, मग कायम दोन. खोल छातीच्या जातींना एकदाच पोटभर घालू नये, पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. भांडं दिवसभर भरून ठेवणं तर नकोच. खाऊ आणि शिकवतानाचे तुकडे दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांत बसवा, तेवढं जेवणातून वजा करून.

नेहमी विचारलं जाणारं

प्रथिनं जास्त झाली की सांधे बिघडतात, ही समजूत जुनी आहे. ग्रेट डेनवरच तीही तपासली गेली आणि प्रथिनांचा दोष आढळला नाही. गुन्हेगार जादा कॅलरी आणि जादा कॅल्शियम हेच. वाढीच्या खाण्यात शुष्क भागाच्या निदान २२.५ टक्के प्रथिनं लागतात, त्याखाली जाऊ नका.

धान्यविरहित खाणं हवंच असं काही नाही. वाटाणे-मसूर भरपूर असलेल्या अशा खाण्याचा हृदयाच्या एका आजाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१८ मध्ये सुरू केली. ठोस निष्कर्ष निघाला नाही, पण पिल्लाला धान्य पचत असताना हा प्रश्न ओढवून घ्यायचा कशाला?

घरी शिजवून घालायचं असेल तर पशुआहाराच्या जाणकाराकडून ग्रॅमसकट कृती लिहून घ्या. अंदाजपंचे चालत नाही. मोठ्या कुत्र्याला खपून जातं, पिल्लाला नाही.

मोठ्यांचं खाणं कधी सुरू करायचं? मोठ्या जातींना १२ ते १५ महिन्यांनी, महाकाय जातींना १८ ते २४ महिन्यांनी. बदल ७ ते १० दिवसांत, पावपाव हिश्शानं. नसबंदी झाली की भूक वाढते आणि गरज घटते, तेव्हा माप लगेच तपासा.

कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) घातलेलं काहीही: एक घासही नाही.

आमच्याकडे नाही, पशुवैद्यांकडे जा

पिल्लू लंगडत असेल, धावताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकत्र टाकत असेल, बसल्यावर उठायला कुरकुरत असेल, मनगटाजवळ सूज आणि अंगात ताप असेल, पुढचे पाय बाहेर वळायला लागले असतील, तर खाणं बदलून पाहू म्हणून दिवस घालवू नका. पंजे फताडे दिसताहेत म्हणून कॅल्शियम मागायला आमच्याकडे आलात, तर आम्ही देणार नाही. राग मानू नये.

बाकी मापाचा, पिशवीचा काही प्रश्न असेल तर जरूर या. येताना पिल्लाचं वय, या आठवड्याचं वजन, सध्याच्या पिशवीच्या मागच्या बाजूचा फोटो आणि वरून काढलेला पिल्लाचा उभा फोटो आणा. आणि दिवसभरात त्याला घरातलं कोण काय देतं, ते सगळ्यांना विचारून या. आजी-आजोबांनाही.