चयापचयी अम्लरक्तता : अतिदक्षता विभागातील उपचार

शरीरात आम्ल साठल्याने किंवा आम्ल निष्प्रभ करणारे बायकार्बोनेट वाया गेल्याने रक्ताचा पीएच ७.३५ च्या खाली उतरणे म्हणजे चयापचयी अम्लरक्तता. अत्यवस्थ रुग्णात ती शॉक (रक्ताभिसरण कोसळणे), जंतुसंसर्ग, मधुमेही कीटोअम्लता (इन्शुलिनअभावी कीटोन आम्ले साठणे), मूत्रपिंडे निकामी होणे वा विषबाधा यांची खूण असते. म्हणून खरा उपचार मूळ कारणावर करावा लागतो.

आम्लता उतरवण्यासाठी अल्कली (सोड्यासारखे आम्लविरोधी द्रव्य) देण्याचा उगम बहुधा १८३१–३२ च्या पटकीच्या साथीत आहे. पटकीच्या रक्तात पाणी, मीठ व सोडा घटतो असे डॉक्टर ओशॉनेसी यांनी दाखवले आणि १८३२ मध्ये टॉमस लॅटा यांनी मीठ-सोड्याचे पाणी शिरेतून दिले. गुण सोड्याने आला की पाण्याने, हे त्यावरून ठरत नाही. पाण्याने आला असण्याचा संभव अधिक.

सोडियममधून क्लोराइड व बायकार्बोनेट वजा केले की अ‍ॅनायन गॅप, म्हणजे नेहमी न मोजल्या जाणाऱ्या ऋण आयनांचा अंदाज, मिळते (साधारण ८–१२ मिलिमोल/लिटर). अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन ४ ग्रॅम/डेसिलिटरपेक्षा जितके ग्रॅम कमी असेल, त्याच्या अडीच पट त्यात मिळवावी. हे राहून गेले तर लॅक्टिक अम्लरक्तता (लॅक्टिक आम्ल साठल्याने होणारी) नजरेतून सुटते. गॅप वाढलेली नसेल, तर जुलाब किंवा भरमसाट दिलेले नॉर्मल सलाइन आठवावे.

सर्वांत घातक चूक व्हेंटिलेटर लावताना होते. बायकार्बोनेट ६ मिलिमोल/लिटर असलेला रुग्ण धापा टाकून रक्तातील, आम्लता वाढवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा दाब १७ मिमी पाऱ्याच्या आसपास (बायकार्बोनेटची दीडपट अधिक ८) ठेवतो, पीएच ७.१७ राहतो. त्याला गुंगीच्या औषधाने झोपवून मिनिटाला १२–१४ श्वासांवर ठेवले आणि दाब ४० झाला, तर पीएच ६.८० वर कोसळतो. नळी टाकण्याआधीचाच श्वसनवेग यंत्रावर ठेवावा व थोड्याच वेळात एबीजी (धमनीतील रक्ताची वायू-तपासणी) पुन्हा पाहावी.

सोडियम बायकार्बोनेटबद्दल मतभेद आहेत. त्यापासून कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो बाहेर पडला नाही तर पेशींच्या आत आम्लता वाढते. आयनित कॅल्शियम व पोटॅशियमही घटतात. लॅक्टिक अम्लरक्ततेत त्याने रक्ताभिसरण सलाइनपेक्षा अधिक सुधारत नाही, असे कूपर व सहकाऱ्यांना १९९० मध्ये आढळले. २०१८ च्या फ्रेंच चाचणीत पीएच ७.२० किंवा कमी असलेल्यांना ४.२ टक्के द्राव ३० मिनिटांत १२५–२५० मिलि., दिवसाला जास्तीत जास्त १ लिटर, असा दिला. एकूण रुग्णांत ठळक फरक दिसला नाही. मूत्रपिंडांना मध्यम ते तीव्र इजा झालेल्या गटात मृत्यू कमी झाले. याच गटापुरता त्याचा वापर करण्याकडे सेप्सिसच्या (जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागण्याच्या) २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेचाही कल आहे, आणि तो पटण्याजोगा आहे. जुलाबांत गेलेले बायकार्बोनेट भरून काढण्यावर मात्र फारसा वाद नाही. सॅलिसिलेटच्या (अ‍ॅस्पिरिनसारख्या औषधांच्या) विषबाधेत अल्कली आवश्यकच.

अंदाजी तूट = ०.५ × वजन (किग्रॅ.) × (इष्ट वजा प्रत्यक्ष बायकार्बोनेट), निम्मी भरून पुन्हा मोजावे. ८.४ टक्के द्रावाच्या १ मिलि. मध्ये १ मिलिमोल असते. तो तीव्र असल्याने मोठ्या शिरेतून किंवा पातळ करून द्यावा. कॅल्शियम त्याच नळीतून गेले तर पांढरा साका धरून नळी तुंबते. नॉरअ‍ॅड्रेनलीन हे रक्तदाब वाढवणारे औषधही अल्कलीत निकामी होते.

कीटोअम्लतेत इन्शुलिन, द्रव व पोटॅशियम पुरतात, पोटॅशियम ३.५ मिलिमोल/लिटरच्या खाली असेल तर इन्शुलिन थांबवून आधी ते भरावे. बायकार्बोनेट पीएच ७.० च्या खाली गेल्यासच. रुग्ण सावरू लागला की लॅक्टेट व कीटोन यांच्यापासून शरीरच बायकार्बोनेट बनवते. आधी सढळ हाताने दिलेले त्यात मिळाले की पीएच उलट्या बाजूला, अल्कलीकडे झुकतो.