पणजोबांच्या रिव्हॉल्वरवरचं १८५५ साल

पेटीच्या तळाशी तेलकट फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्वर निघतं. सिलिंडरवर भिंगाशिवाय वाचता येणार नाही इतक्या बारीक इंग्रजी अक्षरांत ‘पेटंटेड एप्रिल ३, १८५५’ असं असतं, आणि घरात ठरून जातं की पणजोबांचं हे हत्यार १८५५ सालचं. मग त्या सालाच्या हिशेबाने कुणीतरी त्याला एखादी लढाईही जोडून देतं. आता अशी तारीख असते ती स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीच्या हत्यारांवर, आणि तिचं पहिलं रिव्हॉल्वर बाजारात आलं तेच मुळी १८५७ साली. कोरलेली तारीख रॉलिन व्हाइट नावाच्या माणसाच्या पेटंटची आहे, आणि ती पुढे कितीतरी वर्षं नव्या हत्यारांवर उमटत राहिली. रेमिंग्टन या दुसऱ्या अमेरिकी कंपनीचंही तेच. नळीवर १४ सप्टेंबर १८५८ ही पेटंटची तारीख, म्हणून सगळे त्याला ‘१८५८चं रेमिंग्टन’ म्हणतात. ती हत्यारं घडली बहुतांशी १८६०च्या दशकात. पेटंटच्या तारखेवरून एवढंच कळतं की वस्तू त्या दिवसाच्या आधीची नाही.

या तारखा कोरायची वेळ का आली, हे समजलं की ओळख पटवणं निम्मं सोपं होतं. सॅम्युएल कोल्टला अमेरिकेत त्याच्या रिव्हॉल्वरचं पेटंट मिळालं १८३६ साली. न्यू जर्सीतल्या पॅटरसन गावचा त्याचा कारखाना १८४२ मध्ये बुडाला, १८४७ मध्ये सैन्याच्या मागणीवर त्याचा धंदा पुन्हा उभा राहिला, आणि पेटंटला मुदतवाढ मिळवून त्याने १८५७ पर्यंत अमेरिकेतल्या प्रतिस्पर्ध्यांना रोखून धरलं. ही सगळी हत्यारं ठासणीची. सिलिंडरच्या प्रत्येक घरात पुढून दारू भरायची, त्यावर गोळी दाबून बसवायची आणि मागच्या बोंडावर घोडा आपटताच ठिणगी देणारी छोटी टोपी चढवायची.

व्हाइट एकेकाळी कोल्टच्याच कारखान्यात काम करत होता. सिलिंडरची भोकं आरपार असावीत, म्हणजे तयार काडतूस मागून सरकवता येईल, हा मुद्दा त्याने आपल्या पेटंटात घातला. त्यातलं बाकीचं यंत्र फारसं कामाचं नव्हतं, पण ‘आरपार’ या एका शब्दाला सोन्याचा भाव आला. स्मिथ अँड वेसनने हक्क घेतले ते दर रिव्हॉल्वरमागे २५ सेंट देण्याच्या बोलीवर, आणि करारात अशी मेख मारली की नक्कल करणाऱ्यांवर खटले व्हाइटनेच भरायचे. तो खटले जिंकला आणि त्यातच खंगला. १८६९ मध्ये मुदत संपल्यावर भरपाई म्हणून मुदतवाढीचा मार्ग खुला करणारं विधेयक संसदेने मंजूर केलं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. धंदा स्मिथ अँड वेसनचा झाला, कोर्टाच्या पायऱ्या व्हाइटच्या वाट्याला.

या भांडणाच्या खुणा आजही हत्यारांच्या अंगावर आहेत. खटला हरलेल्या मूर आणि पाँड या कारखानदारांच्या काही रिव्हॉल्वरवर ‘स्मिथ अँड वेसनसाठी बनवलेलं’ असा मजकूर आहे. वारसदार त्यातलं मोठं नाव तेवढं वाचतो आणि चुकतो. काहींनी पळवाट काढली आणि काडतूस सिलिंडरच्या पुढून घालायची सोय केली. काडतुसाचं रिव्हॉल्वर आहे, पण सिलिंडरची भोकं मागे पूर्ण उघडी नाहीत, असं विचित्र काही हाती आलं तर ते बहुधा १८६०च्या दशकातलं. १८६९ नंतर बांध फुटला. कोल्टचं प्रसिद्ध सिंगल ॲक्शन (दर गोळीआधी घोडा हाताने मागे ओढायचं) रिव्हॉल्वर १८७३चं.

युरोपात व्हाइटचं पेटंट चालतच नव्हतं. तिथे लेफोशो या फ्रेंच कारागिराच्या पद्धतीची पिनफायर रिव्हॉल्वर रग्गड झाली. काडतुसाच्या बाजूने एक छोटी पिन बाहेर डोकावते आणि घोडा तिच्यावर आपटतो. वारशात येणाऱ्या निनावी हत्यारांत बेल्जियममधल्या लिएजचा माल भरपूर असतो. कारागिराचं नाव नाही, पण लंबगोलात ‘ईएलजी’ ही अक्षरं आणि त्याखाली एक चांदणी दिसते. हा बनवणाऱ्याचा शिक्का नव्हे. जादा दारू भरून नळी तपासली, ती फुटली नाही, एवढंच तो सांगतो. लंबगोलावर मुकुट असेल तर हत्यार १८९३ नंतर तपासलेलं. लिएजची शेकडो घरं सुटे भाग बनवून एकमेकांना पुरवत, त्यामुळे ‘कुणी बनवलं?’ या प्रश्नाला अनेकदा एका माणसाचं उत्तरच नसतं.

कायद्याच्या नजरेत ‘जुनं’ कशाला म्हणायचं, हेही देशागणिक बदलतं. अमेरिकेच्या १९६८च्या संघीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार पुराणवस्तू ठरतं. ब्रिटनमध्ये त्याचं काडतूस कालबाह्य झालंय का, हेही पाहतात. वारसाहक्काने हत्यार मिळालं म्हणून परवानाही आपोआप मिळाला, असं बहुतेक ठिकाणी होत नाही. विकायच्या गोष्टी त्यानंतर. आणि ठासणीचं असेल तर आधी जाणकाराकडून रिकामं करून घ्यावं. बंद जागेत कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेटते.

आता किमतीकडे. कोल्टच्या १८५१च्या नेव्ही रिव्हॉल्वरचं सिलिंडर बघा. त्यावर जहाजांच्या लढाईचं चित्र दाबून उमटवलेलं असतं, सोबत १६ मे १८४३ ही तारीख. (पुन्हा तारीख! ही टेक्सासच्या आरमाराने मेक्सिकोशी दिलेल्या लढाईची.) हाताळणीने हे चित्र झिजत जातं. शिडं आणि दोर स्पष्ट दिसत असतील तर एक भाव, नुसती एक पुसट रेघ उरली असेल तर त्याच्या कितीतरी खाली. म्हणूनच घरातल्या कुणीतरी पॉलिश पेपर घेऊन दुपारभर घासून ‘चकाचक’ केलेलं रिव्हॉल्वर पाहिलं की संग्राहक कपाळाला हात लावतो. नव्याने चढवलेला निळसर मुलामा ओळखायला फार अक्कल लागत नाही: अक्षरांच्या कडा बोथट होतात, सपाट बाजूंचे कोपरे गोल होतात, गंजाचे खड्डे मुलाम्याखालूनही दिसतात. त्यापेक्षा जुना तपकिरी डाग बरा. कोल्टच्या अशा रिव्हॉल्वरवर नळी, चौकट, चापाचं कडं आणि मुठीचा पट्टा यांवरचे क्रमांक जुळायला हवेत. एक वेगळा निघाला तर भाव उतरतो.

दशेपेक्षा वरचढ ठरतं ते एकच: पुरावा. १० जुलै १८७३ रोजी ब्रसेल्समध्ये फ्रेंच कवी व्हर्लेनने आपला मित्र कवी रँबोवर गोळ्या झाडल्या त्या ७ मिलिमीटरच्या साध्या पिनफायर लेफोशोने. २०१६ मध्ये पॅरिसच्या लिलावात त्या रिव्हॉल्वरला ४,३४,५०० युरो मिळाले. त्याच जातीचं एक गंजून गेलेलं रिव्हॉल्वर, व्हॅन गॉगने स्वतःवर वापरलं असावं असं मानलं गेलेलं, २०१९ मध्ये १,६२,५०० युरोला गेलं. ‘असावं’ या शब्दालाही एवढी किंमत येऊ शकते, पण त्यामागे सापडल्याची जागा, गोळीचा आकार, गंजाचं वय अशी जोडणी लागते. पणजोबांच्या लढाईची गोष्ट खरी असेलही. तिच्यासाठी खरेदीदार जास्तीचे पैसे मोजत नाही. तो विचारतो तो परवाना, पावती, पलटणीचं पत्र, हत्यारासह काढलेला फोटो. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन यांच्या उरलेल्या जुन्या नोंदींवरून, हत्यार कारखान्यातून कधी आणि कुणाकडे गेलं याचं पत्र शुल्क भरून मागवता येतं. ठासणीच्या काळातल्या कोल्टच्या बऱ्याच नोंदी मात्र उरलेल्या नाहीत, आणि अशा वेळी पेटीत त्याच फडक्याखाली पडलेला पिवळा कागदच तेवढा हाताशी असतो. रिव्हॉल्वर बाहेर काढून पेटी झटकताना तो बहुतेक वेळा केराबरोबर जातो.