दिनविशेष : फेब्रुवारी

दिनविशेष म्हणजे एखाद्या तारखेला पूर्वी घडलेल्या घटना, जन्म आणि मृत्यू यांची नोंद. शाळेच्या परिपाठात फळ्यावर सुविचाराखाली लिहितात तो, आकाशवाणीवर सकाळी सांगतात तो, भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापतात तो आणि आता रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येतो तो, सगळा हाच प्रकार. या नोंदीत फेब्रुवारी महिना घेतला आहे. इथे आधुनिक तारखा सहसा पक्क्या असतात पण शिवकाळ आणि पेशवाईच्या तारखांचा घोळ जास्त आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिलंय.

या महिन्याला २८ दिवस का, याबद्दल एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते की ऑगस्टस बादशहाने आपल्या नावाच्या ऑगस्टला ३१ दिवस हवेत म्हणून फेब्रुवारीचा एक दिवस काढून घेतला. ही गोष्ट तेराव्या शतकातल्या साक्रोबोस्को या लेखकापासून पुढे चालत आलेली आहे आणि अभ्यासक ती आता मानत नाहीत, कारण फेब्रुवारी त्याच्या कितीतरी आधीपासून २८ चाच होता. जुन्या रोमन पद्धतीत तो वर्षाचा शेवटचा महिना समजत, त्यामुळे वर्षाचा हिशोब जुळवायचा तर कमी-जास्त करायचं ते इथेच. लीप वर्षाचा जादा दिवससुद्धा तेव्हा महिन्याच्या शेवटी नाही तर २४ तारखेच्या आसपास घालत असत.

आता मुख्य अडचण. जुन्या मराठी कागदांत तारीख नसते, तिथी, वार आणि शक असतो, ते जंत्रीवरून (तिथ्या आणि तारखा जुळवून देणाऱ्या कोष्टकावरून) इसवी सनात आणावं लागतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे सगळ्यांना पाठ असतं, पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, म्हणून जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या तिथ्यांना ७९ मिळवावे लागतात, आणि फेब्रुवारी नेमका याच पट्ट्यात येतो. समर्थ रामदासांचं निधन शके १६०३ माघ वद्य नवमीचं, म्हणजे १६८२ सालचं, तरी पुष्कळ ठिकाणी १६८१ छापलेलं दिसतं ते बहुधा ७८ मिळवल्यामुळेच असावं.

दुसरी भानगड इंग्रजी कागदांची. पोर्तुगालने १५८२ मध्येच ग्रेगोरियन कॅलेंडर (आज आपण वापरतो ते) घेतलं, त्यामुळे सतराव्या शतकातली गोव्याची पोर्तुगीज पत्रं नव्या तारखांची आहेत, पण इंग्रज १७५२ पर्यंत जुन्या ज्युलियनवरच होते, म्हणजे सुरतेच्या वखारीतला इंग्रज आणि गोव्यातला पोर्तुगीज एकाच दिवशी लिहायला बसले तरी त्यांच्या पत्रांवरच्या तारखांत १० दिवसांचा फरक पडायचा. त्यात आणखी इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, तेव्हा १६७० च्या फेब्रुवारीतल्या त्यांच्या पत्रावर साल १६६९ किंवा १६६९/७० असं असतं. हे माहीत नसेल तर घटना आख्खं वर्ष मागे जाते. जॉर्ज वॉशिंग्टनच्या जन्माच्या नोंदीतही ११ फेब्रुवारी आहे आणि आता जन्मतारीख धरतात ती २२, कारण मधे कॅलेंडर बदललं. रशियाची १९१७ ची फेब्रुवारी क्रांतीसुद्धा बाकी जगाच्या हिशोबाने मार्चमधली.

फेब्रुवारीतला सगळ्यात मोठा दिवस अर्थातच १९ तारीख, शिवजयंती. जन्मतिथीचे मुख्य दोन पक्ष आहेत. जुना पक्ष बखरींवर आधारलेला, शके १५४९ चा वैशाख, म्हणजे १६२७ चा एप्रिल. दुसरा पक्ष शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. हा दुसरा पक्ष उभा राहिला तो जेधे शकावलीमुळे (शकावली म्हणजे घटनांची सालवार नोंद). भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांकडची ही शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. तिच्यात नुसती तिथी नाही, शुक्ल संवत्सर, शुक्रवार, हस्त नक्षत्र, घटका-पळं असं सगळं दिलंय आणि शिवनेरीस जन्म असं स्थळही दिलंय. पुढे परमानंदाच्या शिवभारतात हीच तिथी मिळाली, आणि परमानंद हा महाराजांच्या काळातला कवी, म्हणून त्याचं वजन मोठं. जोधपूरला जुन्या कुंडल्यांचा एक संग्रह सापडला त्यातल्या कुंडलीनेही याच तिथीला दुजोरा दिला. तीन साधनं, तीन वेगळ्या ठिकाणची, एकमेकांवरून उतरवलेली वाटत नाहीत. उलट १६२७ देणाऱ्या बखरी बऱ्याच उशिराच्या, चिटणीसांची बखर तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. हे सगळं बघता १६३० चा पक्ष जास्त भरवशाचा वाटतो, आणि आज बहुतेक अभ्यासक तोच धरतात.

तरी वाद लगेच मिटला नाही. राज्य सरकारने १९६६ मध्ये इतिहासकारांची समिती नेमली पण तिच्यात एकमत झालं नाही, शेवटी २००१ मध्ये १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख सरकारी पातळीवर मान्य झाली. आजही काही मंडळी तारखेऐवजी तिथीने, फाल्गुन वद्य तृतीयेला जयंती करतात, ती बहुतेक वेळा मार्चमध्ये येते.

इथे एक शंका नेहमी विचारली जाते. १९ फेब्रुवारी ही ज्युलियन तारीख आहे, ग्रेगोरियनने तोच दिवस १ मार्च १६३० येतो, मग आपण चुकीच्या दिवशी जयंती करतो का? तर तसं नाही. दोन्ही एकाच शुक्रवारची नावं आहेत. शिवकाळाच्या ज्या तारखा आपल्या पुस्तकांत आहेत, म्हणजे राज्याभिषेक ६ जून १६७४ किंवा निधन ३ एप्रिल १६८०, त्या सगळ्या ज्युलियनच आहेत. एकट्या जन्माची तारीख बदलून बाकीच्या तशाच ठेवल्या तर गोंधळ वाढेल, त्यापेक्षा सगळ्या ज्युलियन ठेवून तसं स्पष्ट लिहावं हे बरं.

सिंहगडची लढाई ४ फेब्रुवारी १६७० ची, हीसुद्धा ज्युलियन. तिथी माघ वद्य नवमी, म्हणून तानाजी मालुसऱ्यांची पुण्यतिथी आणि दासनवमी एकाच दिवशी येते. त्याच महिन्यात २४ ला राजाराम महाराजांचा जन्म. संभाजी महाराज संगमेश्वरला पकडले गेले ते १ फेब्रुवारी १६८९. औरंगजेबाच्या मृत्यूच्या तर दोन तारखा पुस्तकांत फिरतात, २० फेब्रुवारी १७०७ आणि ३ मार्च १७०७, आणि वाचणाऱ्याला वाटतं इतिहासकारांत मतभेद आहे. पण हाही एकच दिवस, फरक ११ दिवसांचा, कारण १७०० हे ज्युलियनमध्ये लीप होतं आणि ग्रेगोरियनमध्ये नव्हतं.

पेशवाईच्या उत्तरार्धापासून काम सोपं होतं. १२ फेब्रुवारी ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी, १७४२ मध्ये नाना फडणवीसांचा जन्म आणि १७९४ मध्ये महादजी शिंद्यांचं पुण्याजवळ वानवडीला निधन, ज्या दोघांनी मिळून आणि एकमेकांविरुद्धही मराठी राज्य सांभाळलं. डार्विन आणि लिंकन हेही १२ फेब्रुवारीचेच, दोघंही १८०९ चे.

बाळशास्त्री जांभेकरांचा जन्म कुठे ६ जानेवारी तर कुठे २० फेब्रुवारी १८१२ असा दिलेला असतो. ६ जानेवारी ही त्यांच्या दर्पण या वृत्तपत्राच्या पहिल्या अंकाची तारीख (१८३२), तीच जन्मतारखेला चिकटली असण्याची शक्यता जास्त, म्हणून ते इथे फेब्रुवारीत धरलेत. लोकहितवादी १८ फेब्रुवारी १८२३, गाडगे महाराज २३ फेब्रुवारी १८७६, या तारखांना वाद नाही. वासुदेव बळवंत फडक्यांचा मृत्यू १७ फेब्रुवारी १८८३ ला एडनच्या तुरुंगात झाला. गोपाळ कृष्ण गोखले १९ फेब्रुवारी १९१५ ला गेले, शिवजयंतीच्या गर्दीत ही नोंद हरवते. २६ तारीख सावरकरांची पुण्यतिथी म्हणून (१९६६) माहीत असते, पण आनंदीबाई जोशीही १८८७ मध्ये याच तारखेला पुण्यात गेल्या, अमेरिकेतून डॉक्टर होऊन आलेली बाई वयाची बावीस वर्षंही पूर्ण व्हायच्या आत, आणि ही नोंद प्रत्येक यादीत असायलाच हवी.

बायकांच्या आणि गरीब घरातल्या माणसांच्या जन्मतारखा एकूणच कमी मिळतात. रमाबाई आंबेडकरांची जयंती ७ फेब्रुवारीला होते, साल साधारण १८९८ मानतात. लोककलावंतांच्या बाबतीत तर बहुतेक वेळा शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिलेली १ जून हीच तारीख हाती लागते, त्यामुळे फेब्रुवारीच्या यादीत ते दिसत नाहीत.

विसाव्या शतकातलं थोडक्यात. ४ फेब्रुवारी १९२२ ला चौरीचौरा घडलं आणि त्याच दिवशी भीमसेन जोशींचा जन्म. १६ फेब्रुवारी १९४४ ला दादासाहेब फाळके नाशिकला गेले. लता मंगेशकर ६ फेब्रुवारी २०२२. २१ ला जागतिक मातृभाषा दिन, तो १९५२ च्या ढाक्याच्या भाषा आंदोलनामुळे. २७ ला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस (१९१२) म्हणून मराठी भाषा गौरव दिन असतो, त्याला राजभाषा दिन म्हणून शुभेच्छा फिरतात पण राजभाषा दिन १ मेचा. २८ चा राष्ट्रीय विज्ञान दिन हा रामन यांचा वाढदिवस नाही, तो ७ नोव्हेंबरला असतो, २८ फेब्रुवारी १९२८ हा रामन परिणामाच्या शोधाचा दिवस, आणि विज्ञान दिन १९८७ पासून पाळला जातो.

२९ तारखेला मोरारजी देसाई, जन्म १८९६, मुंबई राज्याचे मुख्यमंत्री आणि पुढे पंतप्रधान. चार वर्षांनी वाढदिवस असं त्यांच्याबद्दल सांगतात, पण १९०० साल शंभराने भाग जाणारं आणि चारशेने न जाणारं असल्यामुळे लीप नव्हतं, म्हणून जन्मानंतरची पहिली २९ फेब्रुवारी त्यांना थेट आठव्या वर्षी, १९०४ मध्ये मिळाली.