ध्वनी पाठवावा की सूचना? ऑनलाइन रोलप्लेइंग खेळांतील पार्श्वसंगीत

अमेरिकेत १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला, तेव्हापासून रोलप्लेइंग खेळांचा सांगाडा फारसा बदललेला नाही. सूत्रधार शब्दांनी प्रसंग उभा करतो, बाकीचे खेळाडू आपापल्या पात्राच्या वतीने बोलतात व निर्णय घेतात, आणि निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकले जातात. बदलले आहे ते खेळणाऱ्यांचे एकत्र बसणे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात लहानाची मोठी झालेली आणि पुढे पुणे, बंगळूर, न्यू जर्सी अशी पांगलेली माझ्या परिचयाची काही मराठी मंडळी आता इंटरनेटवर जमून हा खेळ खेळतात. त्यांचा सूत्रधार अजून ग्वाल्हेरमध्येच राहतो आणि सध्या त्यांची कथा किल्ल्यावरील मानमंदिराच्या तळघरांत चालू आहे.

कथा राजा मानसिंह तोमराच्या महालात घडते म्हटल्यावर निवेदनाखाली तानपुरा हवा, असे सूत्रधाराला वाटणे ग्वाल्हेरच्या माणसाला शोभणारेच होते. त्याने फोनवर तानपुऱ्याचे ॲप सुरू करून फोन मायक्रोफोनजवळ ठेवला. पलीकडच्या मित्रांना पंचम, जोडीच्या तारा आणि खर्ज हे पहिले आवर्तन ऐकू आले. त्यानंतर सूर विरत गेला आणि सूत्रधार बोलेल तेव्हाच त्याच्या शब्दांना चिकटून सुराचे तुटक तुकडे येऊ लागले. इंटरनेटचा वेग त्या दिवशी उत्तम होता. संभाषणासाठी बांधलेल्या यंत्रणेने आपले काम चोख केले आणि त्यातच तानपुरा गेला.

ही यंत्रणा गोंगाट कसा ओळखते, हे समजून घेण्यासारखे आहे. स्टीव्हन बोल यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत ध्वनीचे बारीक काळखंड करून प्रत्येक खंडात कोणत्या कंप्रतेवर किती ऊर्जा आहे, हे मोजले जाते. बोलण्यातील ऊर्जा क्षणोक्षणी बदलते. स्वर, व्यंजने आणि मधले विराम यांमुळे ती सतत वरखाली होत राहते. पंखा, कूलर किंवा वाहनांची घरघर यांची ऊर्जा मात्र बराच वेळ जवळपास एकसारखी राहते. म्हणून जे स्थिर आहे ते गोंगाट मानून वजा करायचे, हा या पद्धतीचा गाभा आहे. आता तानपुऱ्याचा विचार करा. उत्तम जुळलेल्या, जवारी (तारांना झणकार देणारी घोडीची घडण) नीट लागलेल्या तानपुऱ्याचे सारे मोल त्याच्या अखंड, स्थिर स्वरसमूहातच असते. म्हणजे वाद्य जितके चांगले लागेल तितके ते या गणिताला पंख्यासारखे दिसेल. अलीकडच्या न्यूरल नेटवर्कवर आधारित पद्धती वेगळ्या मार्गाने जातात, पण त्यांनाही मानवी बोलणे राखून बाकीचे गाळण्याचेच शिक्षण दिलेले असते. पावसाची, रातकिड्यांची आणि नदीच्या खळखळाटाची गतही म्हणून तीच होते.

त्यात आणखी यंत्रणांची भर पडते. बेल लॅब्समधील भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ मनमोहन सोंधी यांनी १९६७ मध्ये स्वतःला जुळवून घेणाऱ्या प्रतिध्वनी-निवारकाचे विश्लेषण प्रसिद्ध केले, आणि आजही कॉलमध्ये आपला आवाज आपल्यालाच परत ऐकू येत नाही तो त्याच धर्तीच्या गणितामुळे. स्पीकरमधून काय बाहेर पडले हे यंत्राला ठाऊक असते, म्हणून मायक्रोफोनमध्ये शिरलेल्या ध्वनीतून ते तेवढे वजा करता येते. याचा अर्थ असा की संगणकाच्याच स्पीकरवर संगीत लावून ते मायक्रोफोनमार्गे पाठवू पाहणाऱ्याचे संगीत हे यंत्र प्रतिध्वनी समजून पुसून टाकू शकते. शिवाय आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी यंत्रणा सूत्रधार थांबताच पार्श्वध्वनी फुगवते आणि तो बोलू लागताच दाबते. आणि बोलणे संपल्याचे ओळखून मायक्रोफोन बंद करणारी यंत्रणा नेमक्या त्या विरामात शांतता आणते, जिथे वातावरणनिर्मिती सर्वांत जास्त हवी असते.

या सर्व सोयी बंद करता येतात आणि केल्यास फरकही पडतो. ध्वनी आकुंचित करणारी सध्याची ‘ओपस’ ही पद्धत संगीताला मुळीच प्रतिकूल नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये प्रमाणित झालेल्या या पद्धतीत बोलण्यासाठी एक आणि संगीतासाठी एक अशी दोन तंत्रे एकत्र आणली आहेत. सेकंदाला ६ किलोबिटपासून ५१० किलोबिटपर्यंत ती चालते आणि सहसा २० मिलिसेकंदांचे तुकडे करून ध्वनी पाठवते. तरीही बोलणे आणि पाऊस एकाच प्रवाहात मिसळून पाठवले की पलीकडे ते वेगळे करता येत नाहीत. न्यू जर्सीतल्या मित्राला पाऊस कमी हवा असेल तर त्याला सूत्रधाराचाच आवाज कमी करावा लागतो. ज्यांना ऐकू कमी येते त्यांच्या दृष्टीने ही उणीव फार गंभीर आहे, आणि माझ्या मते केवळ या एका कारणासाठीही पार्श्वध्वनीला स्वतंत्र वाट मिळाली पाहिजे.

ती वाट इंटरनेट रेडिओची असू शकते. २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगात जमिनीच्या मालकाला आपल्या भूखंडासाठी एखाद्या ध्वनिप्रवाहाचा पत्ता नोंदवता येतो. तिथे पाऊल ठेवणाऱ्याला ते संगीत ऐकू येऊ लागते. मेजवानी, मैफल किंवा बाजार यांसाठी हे छान चालते. परंतु असे प्रवाह खंड पडू नये म्हणून आधी काही सेकंदांचा साठा करतात, त्यामुळे सूत्रधाराने इकडे दार आपटले की तिकडे ते ऐकू येईपर्यंत पात्रे आत शिरून पुढच्या दालनात गेलेली असतात.

यावरचा सर्वांत समर्पक उपाय बराच जुना आहे आणि तो केवळ मजकुरावर चालणाऱ्या खेळांनी शोधला. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८ पासून घडवलेल्या ‘मड’ या खेळाच्या परंपरेत चित्र नव्हते, आवाज नव्हता, फक्त अक्षरे होती. १९९० च्या दशकात या खेळांसाठी एक ध्वनिसंकेत ठरवण्यात आला. सर्व्हर मजकुराच्या ओळीतच दोन उद्गारचिन्हे, ‘साउंड’ किंवा ‘म्युझिक’ हा शब्द आणि कंसात फाइलचे नाव, पातळी व आवर्तने एवढे लिहून पाठवी. आवर्तनांच्या जागी उणे एक लिहिले की ध्वनी अखंड चालू राही. ध्वनी स्वतः कुठेही जात नसे. तो खेळाडूच्या संगणकावर आधीच असे आणि तिथूनच वाजे.

आजचे आभासी पटही (खेळाचा नकाशा व सोंगट्या सर्वांच्या पडद्यावर मांडणारी सॉफ्टवेअर), उदाहरणार्थ २०२० मध्ये आलेले ‘फाउंड्री’, हेच तत्त्व वापरतात. सूत्रधाराने यादीतील ‘पाऊस’वर टिचकी मारली की प्रत्येक खेळाडूच्या ब्राउझरला सूचना जाते आणि प्रत्येक ब्राउझर आपण उतरवून घेतलेली फाइल वाजवतो. हिशेब सरळ आहे. सेकंदाला १२८ किलोबिट दराने तीन तास संगीत प्रवाहित केले तर एका खेळाडूमागे सुमारे १७३ मेगाबाइट लागतात. त्याच दर्जाची दहा मिनिटांची फाइल ९.६ मेगाबाइटची असते, ती एकदाच उतरते आणि पुढे तीन तास फिरत राहते. नकाशावर विहिरीजवळ ध्वनी ठेवून त्याला त्रिज्या देता येते, भिंत आडवी आल्यास तो अडवता येतो, त्यामुळे दोन पात्रे दोन दालनांत असतील तर दोघांना वेगवेगळे ऐकू येते. एका सामाईक प्रवाहातून हे साधणारच नाही.

मग सर्वांना एकाच क्षणी ऐकू येते का? तंतोतंत नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणून ग्वाल्हेरपासून न्यू जर्सीपर्यंतच्या सुमारे १२,००० किलोमीटरना सरळ रेषेत गेले तरी ६० मिलिसेकंद लागतात, आणि केबल सरळ रेषेत जात नाहीत. सूत्रधाराचा आवाजही जवळपास तेवढाच प्रवास करून पोहोचतो, त्यामुळे त्याचे शब्द आणि दाराचा आवाज यांची संगत बहुधा टिकते. अट एवढीच की फाइल आधीच उतरलेली हवी. पाऊस कोणाकडे अर्ध्या सेकंदाने मागे असला तर काहीही बिघडत नाही, कारण दुसऱ्याचा पाऊस कोणाला ऐकू येत नसतो. व्यवहारातली अडचण वेगळीच निघते. २०१८ पासून क्रोमसारखे ब्राउझर वापरकर्त्याने पानावर एकदा टिचकी मारल्याशिवाय ध्वनी वाजू देत नाहीत, म्हणून खेळाच्या आरंभी प्रत्येकाला पटावर कुठेतरी टिचकी मारायला सांगावे.

फिरत्या फाइलचा सांधा हे खरे कारागिरीचे काम आहे. एमपी३ पद्धत ध्वनीचे १,१५२ नमुन्यांचे (नमुना म्हणजे एका क्षणी मोजलेली ध्वनीची पातळी) ठरावीक तुकडे करते आणि आरंभी व शेवटी थोडी शांतता भरते. पावसात ती झाकली जाते, तानपुऱ्यात मात्र दर फेरीला ठेच लागल्यासारखी जाणवते. ‘ऑग व्हॉर्बिस’ ही पद्धत नेमकी लांबी राखते, म्हणून ती वापरावी आणि तानपुऱ्याची फाइल खर्ज विरून पुढचा पंचम छेडला जाण्याच्या बरोबर आधी कापावी. पुनरावृत्ती लपवण्यासाठी सात मिनिटांचा पाऊस आणि अकरा मिनिटांचे रातकिडे एकत्र फिरू दिले, तर तोच मिलाफ ७७ मिनिटांनी परत येतो.

पातळीबाबत वेबच्या सुगम्यतेसाठी २००८ मध्ये आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतील एक निकष इथे उपयोगी पडतो: पार्श्वध्वनी बोलण्यापेक्षा निदान २० डेसिबलने खाली असावा, एक-दोन सेकंदांचे प्रासंगिक ध्वनी त्याला अपवाद. ग्वाल्हेरच्या वाचकाला याचे मर्म सांगायला नको. तानसेन समारोहाच्या पहिल्या सकाळी ढोलीबुवांच्या गादीकडून होणारी हरिकथा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना निरूपण चालू असताना साथ कशी खाली राहते आणि पद सुरू होताच कशी वर येते, हे ठाऊक आहे. आज संगणकाला सूत्रधाराच्या आवाजावर लक्ष ठेवून संगीत आपोआप खाली-वर करायला शिकवता येते, ते याच जातीचे काम होय. शब्द असलेली गाणी निवेदनाखाली लावू नयेत, हे माझे ठाम मत आहे, कारण कानावर पडणारे दुसरे बोलणे आपण ठरवून ऐकले नाही तरी स्मरणात ढवळाढवळ करते. सरोद, सारंगी किंवा नुसता वारा बरा.

लोकप्रिय ध्वनिमुद्रणे परस्पर प्रवाहित करणेही टाळावे. गटगप्पांच्या ‘डिस्कॉर्ड’ या सेवेवरील ‘ग्रूव्ही’ आणि ‘रिदम’ हे दोन मोठे संगीत-बॉट, म्हणजे आपोआप गाणी वाजवणारे प्रोग्राम, गूगलच्या नोटिशींनंतर २०२१ मध्ये बंद झाले. राग कोणाच्या मालकीचा नसतो, पण भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणावर प्रकाशनानंतर साठ वर्षे हक्क राहतो. मुक्त परवान्याचे साहित्य पुष्कळ आहे, आणि त्याहून उत्तम म्हणजे स्वतः मुद्रित केलेला ध्वनी.

मानमंदिराखाली दोन मजली तळघरे आहेत आणि त्यांत खांबांनी वेढलेली गोल दालने आहेत. अशा दालनात, परवानगी घेऊन, एक खणखणीत टाळी मुद्रित केली तर तिच्या मागे रेंगाळणाऱ्या ध्वनीत त्या दगडी जागेची सारी ओळख उतरते. त्या मुद्रणाशी कोणत्याही कोरड्या (गुंजन नसलेल्या) ध्वनीचे संवलन केले की, म्हणजे त्या ध्वनीचा प्रत्येक नमुना टाळीच्या संपूर्ण गुंजनाने गुणून बेरीज केली की, तो ध्वनी त्याच दालनात झाल्यासारखा भासतो. सेकंदाला ४८,००० नमुने आणि दोन सेकंदांचे गुंजन धरले तर सरळ गुणाकाराने दर सेकंदाला ४६० कोटींहून अधिक क्रिया होतात. जेम्स कूली आणि जॉन टुकी यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वेगवान फूरिए रूपांतरामुळे ते काम इतके आटोपशीर होते की ब्राउझरमध्ये त्यासाठी तयार सोयच आहे. टाळीची ती छोटी फाइलही एकदाच पाठवावी लागते. पुढे पावलांना, साखळदंडांना आणि पाण्याच्या थेंबांना तळघराचे गुंजन प्रत्येकाच्या संगणकावरच दिले जाते, आणि सूत्रधाराचा आवाज मात्र या क्रियेतून वगळून कोरडाच ठेवावा, म्हणजे त्याचा शब्द न् शब्द कळतो.