पाटी गुणांची, फटक्यांची नव्हे: ‘द इंटरनॅशनल’ची एकवीस वर्षे

२००२ च्या ऑगस्टमधला तो रविवार, ‘द इंटरनॅशनल’ या गोल्फ स्पर्धेचा शेवटचा दिवस. कोलोरॅडोतल्या कॅसल पाइन्सच्या सतराव्या होलवर स्टीव्ह लोअरीने दुसरा फटका मारला आणि चेंडू थेट होलमध्ये गेला. पार, म्हणजे होलसाठी ठरलेले फटके, इथे पाच; तिथे दोनच फटके, म्हणजे अल्बाट्रॉस. इतर कोणत्याही स्पर्धेत याने तीन फटके वाचले असते. इथे पाटीवर एकदम आठ गुण चढले आणि हातातून निसटलेली स्पर्धा पुन्हा चुरशीची झाली. अठराव्या आणि शेवटच्या होलवर बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) साधली असती तर लोअरी जिंकला असता. पट (होलजवळून चेंडू आत ढकलण्याचा फटका) हुकला आणि रिच बीम ४४ विरुद्ध ४३ अशा एका गुणाने विजयी ठरला. दोनच आठवड्यांनी बीमने टायगर वुड्सला एका फटक्याने मागे टाकून पीजीए चॅम्पियनशिप ही गोल्फमधली मोठी स्पर्धाही जिंकली.

हा थरार गुणपद्धतीतून आला होता. या पद्धतीचे मूळ ब्रिटनमधल्या डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांच्याकडे जाते. एका होलवर घात झाला की सामान्य खेळाडूचा सगळा दिवस वाया जातो, ही त्यांची खंत. म्हणून त्यांनी प्रत्येक होलला स्वतंत्र गुण देण्याची रीत बसवली आणि १९३२ मध्ये वॉलसी क्लबवर ती स्पर्धेत वापरली गेली. क्लबांच्या रविवारच्या खेळात ती रुजली, पण व्यावसायिक खेळाडूंचे मोजमाप फटक्यांवरच राहिले.

ते बदलायचे मनावर घेतले जॅक व्हिकर्स या तेल उद्योजकाने. डेन्व्हरच्या दक्षिणेला, कॅसल रॉकजवळच्या पाइनच्या रानात त्यांनी जॅक निकलॉसकडून मैदान आखून घेतले आणि १९८६ मध्ये तिथे ‘द इंटरनॅशनल’ सुरू केली. स्टेबलफर्डची मूळ रीत चुकणाऱ्याला सांभाळून घेणारी. इथली धाडस करणाऱ्याला बक्षीस देणारी. अल्बाट्रॉसला ८ गुण, ईगलला (पारपेक्षा दोन फटके कमी) ५, बर्डीला २, पारला शून्य. बोगीला (पारपेक्षा एक फटका जास्त) उणे १ आणि त्याहून वाईट काहीही झाले तरी उणे ३. नेहमीच्या खेळात एक बर्डी आणि एक बोगी एकमेकींना खाऊन टाकतात. इथे तेवढ्यातूनही एक गुण उरतो. सगळीकडे पार काढत सावधपणे चालणारा खेळाडू मात्र शून्यावरच राहतो. त्यामुळे पाण्यापलीकडच्या ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) दुसऱ्याच फटक्यात पोचायचे की नाही, याचे उत्तर इथे बहुतेकदा ‘पोचायचे’ असेच असे. त्यात मैदान समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांहून उंच. विरळ हवेत चेंडू लांब जातो, त्यामुळे कोणत्या क्लबने (काठीने) किती अंतर जाईल हा रोजचा हिशेब तिथे नव्याने मांडावा लागे.

सुरुवातीची रचना मात्र मला कधीच पटलेली नाही. शेवटच्या दिवशी उतरणाऱ्या सगळ्यांची पाटी पुन्हा कोरी केली जाई, आधीची कमाई पुसून. पहिला विजेता केन ग्रीन १२ गुणांवर जिंकला, ते याचमुळे. तीन दिवस उत्तम खेळलेल्यावर हा उघड अन्याय होता. १९९३ पासून चारही दिवसांचे गुण एकत्र धरू लागले आणि त्या वर्षी फिल मिकेल्सन ४५ गुणांनी जिंकला. स्पर्धेला तिचे खरे रूप तेव्हा मिळाले, असे मी मानतो. ग्रेग नॉर्मन, ओलाथाबाल, विजय सिंग, एर्नी एल्स, रेटिफ गूसन. विजेत्यांची यादी नावाला शोभेल अशीच आंतरराष्ट्रीय आहे. मिकेल्सन आणि डेव्हिस लव्ह यांनी ती दोनदा जिंकली.

मग ती बंद का पडली? पद्धत फसली म्हणून नाही. टायगर वुड्स १९९९ नंतर तिथे खेळायला आला नाही आणि त्या काळात टायगर नसलेल्या स्पर्धेकडे टीव्ही आणि प्रायोजक दोघेही पाठ फिरवत. २००७ मध्ये फेडेक्स कप या हंगामभराच्या गुणस्पर्धेसाठी पीजीए टूरचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ दौऱ्याचे, वेळापत्रक नव्याने आखले गेले आणि ऑगस्टमधली ही स्पर्धा जुलैच्या पहिल्या आठवड्यात ढकलली गेली. मुख्य प्रायोजक मिळेना. अखेर फेब्रुवारी २००७ मध्ये व्हिकर्स यांनी स्पर्धा थांबवत असल्याचे जाहीर केले. २००६ मध्ये डीन विल्सनने टॉम लेहमनला बरोबरीनंतरच्या प्लेऑफमध्ये हरवले होते, तोच शेवटचा विजय ठरला. रिकामा झालेला आठवडा वॉशिंग्टनजवळच्या एका नव्या स्पर्धेला मिळाला, आणि तिचा यजमान होता खुद्द टायगर वुड्स. प्रायोजकाअभावी तीही २०१८ नंतर उरली नाही.

गुणपद्धत २०१२ मध्ये अमेरिकेतल्याच रीनोच्या स्पर्धेने उचलली; तीच २०१४ पासून बॅराकुडा चॅम्पियनशिप म्हणून ओळखली जाऊ लागली. पण ती भरे एखाद्या मोठ्या स्पर्धेच्याच आठवड्यात, त्यामुळे आघाडीचे खेळाडू तिथे नसत. पद्धत जगली, पण तिच्यात नॉर्मन किंवा एल्सच्या तोडीचे खेळाडू एकमेकांशी झुंजताना पाहायला मिळाले नाहीत, हे नुकसान मोठे आहे.

कॅसल पाइन्सवर पीजीए टूर परतली ती थेट ऑगस्ट २०२४ मध्ये, बीएमडब्ल्यू चॅम्पियनशिपसाठी. ही परतभेट पाहायला व्हिकर्स नव्हते. २०१८ मध्ये ते वारले. मैदान आता ८,१३० यार्डांचे झाले होते. कीगन ब्रॅडली जिंकला, पारपेक्षा बारा फटके कमी घेऊन. या वेळी मोजले गेले ते फटकेच.