समजूतदार की नुसताच गप्प?

धाकट्याने खेळणं हिसकावलं. सहा वर्षांचा थोरला ओठ घट्ट मिटून बाजूला झाला. "किती समजूतदार आहे!" म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. त्याला धाकट्याची बाजू पटली की त्याने राग नुसता गिळला, हे कोणी विचारलं नाही. आमचा सगळ्यांचा गोंधळ बहुधा इथूनच सुरू होतो.

समजूतदारपणा आणि मन मारणं बाहेरून अगदी सारखे दिसतात. दोन्हींत आवाज चढत नाही, भांडण होत नाही. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ साली काही लोकांना किळस येईल अशी फिल्म दाखवली आणि त्यातल्या निम्म्यांना सांगितलं, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. चेहरे बऱ्याच अंशी कोरे राहिले, पण किळस तसूभरही कमी झाली नाही. उलट शरीरावरचा ताण काही बाबतींत वाढला. पुढे १९९८ साली ग्रॉसने काहींना त्या दृश्याकडे तटस्थपणे, वेगळ्या नजरेने बघायला सांगितलं. त्यांना मुळात किळसच कमी वाटली. गिळणं वेगळं आणि पचवणं वेगळं, ते असं.

विशीत भडका उडतो तेव्हा निदान कळतं तरी. भावनांना लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडतच असतो. फसवी असते ती तिशी-चाळिशी. तेव्हा "मला काही फरक पडत नाही" हे मी इतक्या सफाईने म्हणायचो, की लोक मला शांत माणूस समजत. मग रात्री दोन वाजता तेच भांडण मी मनात पुन्हा भांडायचो, मुद्देसूद, आणि दरवेळी जिंकायचो.

म्हातारपणी माणसं वाद टाळतात. हाताशी वेळ थोडा उरलाय हे जाणवलं की माणूस तो कोणावर घालवायचा हे निवडून ठरवतो, असं मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांचं म्हणणं आहे. हे "जाऊ दे" खरं. थकून म्हटलेलं "जाऊ दे" मात्र निराळं. त्याच्या मागोमाग भांडी जोरात आपटल्याचा आवाज येतो.

आणखी एक खूण आहे. समजूतदार माणूस वेळ आली की "हे मला चालणार नाही" असं साध्या आवाजात सांगतो. मन मारणारा तेव्हाही हसून मान डोलावतो. दहा वर्षांनी विचारा, त्या दिवशी समोरच्याच्या अंगात कुठल्या रंगाचा शर्ट होता तेही त्याला आठवत असतं.